दुसरं नाणं

"ताई, आधी हात पुसून घ्या," असं म्हणत काकांनी टेबलावर काळं मखमली कापड पसरलं. पनवेलच्या टपाल नाक्याजवळ त्यांच्या दोन खोल्या आहेत. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी नऊच्या सुमाराला तिरकं ऊन आत येतं आणि नाणी बघायची ती याच उन्हात, असा त्यांचा नियम आहे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये अक्षरांची सावलीच पडत नाही आणि सावली नसली की नाणं वाचता येत नाही, असं ते म्हणतात.

काका एसटीत कंडक्टर होते. पेण, अलिबाग, खोपोली, उरण या मार्गांवर त्यांची सगळी नोकरी गेली. मुक्कामाच्या गाडीवर रात्री हिशेब जुळवून झाला की ते चिल्लर परत एकदा ओतायचे आणि कंदिलाशेजारी बसून एकेक नाणं उलटंपालटं करून बघायचे. सुरुवातीला फक्त साल बघत. मग सालाखालची टाकसाळीची खूण बघायला लागले. मुंबईचा छोटा चौकटचा ठिपका, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका आणि कोलकात्याचं काहीच नाही. त्यानंतर अक्षरं. जे वेगळं वाटे त्याच्याऐवजी खिशातलं नाणं पिशवीत टाकायचं, म्हणजे भरण्यात पैशाचा फरक नको. अशी जमवलेली नाणी आज त्यांच्याकडे लाकडी कपाटाच्या चार खणांत आहेत आणि प्रत्येकाची नोंद शाळेच्या दोनशे पानी वहीत आहे.

त्या दिवशी त्यांनी कापडावर ठेवला तो स्टीलचा साधा रुपया. १९९२ पासून निघालेला, पंचवीस मिलिमीटरचा, आपण सगळ्यांनी हजार वेळा हाताळलेला. त्यांनी माझ्या हातात दहापट भिंग दिलं आणि ‘भारत’ या शब्दावर बोट ठेवलं. मला आधी काहीच दिसलं नाही. मग त्यांनी नाणं उन्हात जरासं कलवलं आणि ‘भा’चा काना उठून आला. तो शेजारच्या अक्षरांपेक्षा जाड होता आणि खालच्या टोकाला मधोमध दुभंगलेला होता, लाकूड चिरताना टोक फुटावं तसा. एका कान्याच्या पाठीला दुसरा काना चिकटून उभा होता.

"डबल डाय?" मी विचारलं.

"असेल. पण एकच आहे. दुसरं सापडल्याशिवाय मी ते वहीत चढवणार नाही."

हे दुसरं नाणं त्यांना का हवं, ते समजायला टाकसाळीत शिरावं लागतं.

नाणं पाडायचं तर दोन ठसे लागतात, एक छाप्याचा, एक काट्याचा. ठशावर चित्र उलटं आणि खोलगट असतं. धातूची कोरी चकती दोहोंच्या मध्ये दाबली की सुलटं, उठावाचं नाणं बाहेर पडतं. एक ठसा लाखो नाणी पाडून झिजतो, म्हणून ठसे शेकड्यांनी लागतात आणि ते एकेक हाताने कोरत बसणं परवडत नाही. म्हणून एक मूळ साचा करतात. त्याला टाकसाळीत हब म्हणतात. त्यावर चित्र नाण्यासारखंच सुलटं आणि उठावाचं असतं. हा हब पोलादाच्या कोऱ्या दांड्याच्या तोंडावर प्रचंड दाबाने दाबला की ठसा तयार होतो. अडचण अशी की थंड पोलाद दाबलं की ते दाबाखालीच कडक होतं आणि चित्र अर्धवट उमटतं. मग तो दांडा भट्टीत तापवून सावकाश निववायचा, मऊ झाला की पुन्हा हबखाली धरायचा आणि दुसऱ्यांदा दाबायचा. जुन्या पद्धतीत हे दोन-तीनदा करावं लागे.

दिवाळीत अंगणात ठशाने रांगोळी काढणाऱ्या कुणालाही पुढचं सांगायची गरज नाही. पहिल्यांदा रंग नीट उतरला नाही म्हणून ठसा पुन्हा त्याच जागी टेकवायला जावं आणि तो केसभर फिरावा, की कमळाला दुहेरी पाकळ्या येतात. टाकसाळीतही हेच होतं. दुसऱ्या दाबाला दांडा किंचित फिरला, तर ठशावरच अक्षरं दोनदा कोरली जातात. मग त्या ठशातून पडणारं पहिलं नाणं आणि लाखावं नाणं, दोघांच्याही अंगावर तेच दुहेरी अक्षर, त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर असतं. एकट्या नाण्यावर काहीतरी दुहेरी दिसलं तर तो त्या नाण्याचा अपघात असू शकतो. दोन नाण्यांवर हुबेहूब तेच दिसलं की मग तो ठशाचा दोष, म्हणजे डबल डाय, ठरतो.

या दोषाची सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत एक सेंटच्या नाण्याचा असा एक ठसा तपासणीतून निसटला आणि रात्रपाळीत यंत्रावर चढला. त्या यंत्रातून सुमारे चाळीस हजार नाणी पडली. तपासनिसाच्या लक्षात आलं तेव्हा त्यातली निम्म्याहून अधिक नाणी इतर यंत्रांच्या चांगल्या नाण्यांत मिसळून गेली होती. लाखो नाण्यांच्या त्या ढिगातून ती वेचायची तर ढीगच वितळवावा लागला असता. अधिकाऱ्यांनी ती जाऊ द्यायचं ठरवलं आणि वीस ते चोवीस हजार नाणी लोकांत गेली.

ती लोकांना सापडली कुठे, ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात जिवंत वाटतं. तेव्हा तिथे सिगारेटचं पाकीट तेवीस सेंटला मिळे आणि विक्रीच्या यंत्रात मात्र पंचवीस सेंटचं नाणं टाकावं लागे. उरलेले दोन सेंट कंपनीवाले पाकिटावरच्या पारदर्शक कागदाखाली आधीच सरकवून ठेवत. मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क राज्यांच्या काही भागांत लोकांनी पाकीट फोडलं आणि सुट्ट्या पैशात हे विचित्र नाणं मिळालं. सालाचे आकडे दोनदा, वरची अक्षरं दोनदा, लिंकनचा चेहरा मात्र जवळपास एकेरी. ठसा मध्याभोवती फिरला होता. चाकाचा आस जागच्या जागी राहतो आणि धाव लांब सरकते, तसं कडेच्या अक्षरांचं अंतर जास्त आणि मधल्या चेहऱ्याचं नगण्य झालं. न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन्सन सिटीचा जेम्स रडी हा तरुण नाणेविक्रेता ती पंचवीस सेंटला एक अशी विकत घेऊ लागला. ती इतकी येऊ लागली की त्याने घेणं थांबवलं. भिंगाशिवाय दिसणारी अशी चूक लोकांनी पूर्वी पाहिली नव्हती, आणि तिथून लाखो माणसं आपल्या खिशातली चिल्लर दोनदा बघायला शिकली.

पुढचा एक प्रसंग मात्र मन खट्टू करणारा आहे. १९६९ साली दोघांनी त्या सालाची दुहेरी अक्षरांची बनावट नाणी पाडली आणि ती पकडली गेली. त्याच सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीची, त्याच सालाची खरी डबल डाय नाणी लोकांना सापडायला लागली होती. सरकारी तपासयंत्रणेने ती बनावटच समजून जप्त केली. ती खरी आहेत हे नंतर मान्य झालं. १९५८ सालच्या अशा सेंटची जगात फक्त तीन नाणी माहीत आहेत आणि त्यातल्या एकाला २०२३ साली लिलावात अकरा लाख डॉलरहून जास्त किंमत आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी टाकसाळीने एकाच दाबात ठसा तयार करण्याची पद्धत घेतली, तेव्हा मोठ्या दोषांची वाट बंद झाली. एका दाबातही दांडा बसता बसता सरकतो, म्हणून बारीक दोष अजून येतात.

काका हे आकडे ऐकून घेतात, पण त्यांना त्यात रस नाही. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आठवड्यातून एखादा माणूस तरी मोबाईल पुढे करत त्यांच्या दारात येतो. वैष्णोदेवीचं नाणं, ट्रॅक्टरची नोट, जुना रुपया, घरबसल्या दहा लाख. नाण्याचा फोटो पाठवा आणि नोंदणीचे आधी एवढे भरा. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कुणालाही कमिशन घ्यायचा अधिकार दिलेला नाही. तरी माणसं पैसे भरतात. "आणि आणतात काय, तर घसटलेलं नाणं," असं म्हणत काकांनी दुसरा एक रुपया कापडावर ठेवला.

यावरही अक्षर दुहेरी दिसत होतं. काकांनी मला टाचणीचं टोक त्या दुहेरी भागावर हलकेच फिरवायला सांगितलं. ते सपाट होतं, पायरीसारखं, आणि चकाकत होतं. यंत्राचा ठसा ढिला असला की नाणं पडून झाल्यावर तो उचलताना सरकतो आणि ताज्या अक्षराची कड खरवडतो. म्हणजे इथे दुसरं अक्षर तयार झालेलं नसतं, पहिल्याचाच एक भाग चेपलेला असतो आणि अक्षर मुळापेक्षा बारीक होतं. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही अक्षरं गोलसर, सारख्याच अंगाची असतात आणि अक्षर जाड होतं. घसटलेल्या नाण्यांना बाजारात किंमत नाही. ती ढिगांनी सापडतात. हा एवढा फरक ज्याला टाचणीने कळतो त्याला कुणी फसवू शकत नाही, म्हणून मी तो इथे सविस्तर सांगितला.

आपल्याकडे हब आणि ठशांचं हे शास्त्र आलं ते वाफेवरच्या यंत्रांबरोबर. मुंबईच्या फोर्टमधली टाकसाळ कॅप्टन जॉन हॉकिन्स यांनी १८२४ ते १८२९ या काळात उभी केली. रिझर्व्ह बँकेसमोरची ती इमारत पनवेलहून लोकलने जाणाऱ्या कुणीही रस्त्यावरून पाहिली असेल. १८३५ पासून कंपनी सरकारच्या सगळ्या मुलुखात एकाच नमुन्याची नाणी सुरू झाली आणि नमुना एक झाला की त्यातले फरक शोधणारे डोळेही आले. १८४० च्या रुपयावर मूल्याभोवती पानांची माळ आहे, तिच्यातली बोरं मोजून संग्राहक तो रुपया कोणत्या टाकसाळीचा हे सांगतात. १८६२ च्या व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाची गोष्ट याहून सुरस आहे. पुढे १८७४ पर्यंत रुपये पडले तरी नाण्यावर साल १८६२ च राहिलं. मुंबईच्या टाकसाळीने मात्र सालाजवळ आणि नक्षीत बारीक ठिपके वाढवत नेले, आणि त्या ठिपक्यांच्या संख्येवरून नाणं खरं कोणत्या वर्षी पडलं ते ओळखता येतं. मेजर फ्रेड प्रिडमोर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांची जी सूची केली, तिचा १९८० साली आलेला खंड आजही या वाटेचा नकाशा मानला जातो. आमच्या आजोळच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाला मांडायचा राणीचा रुपया १८६२ चाच आहे. त्याखाली किती ठिपके आहेत हे आमच्या तीन पिढ्यांत कुणी मोजलं नव्हतं. या वर्षी मी मोजले. सहा आहेत.

लोकांच्या डोळ्यांनी सरकारला नाणं बदलायला लावल्याचं उदाहरणही आपल्याच रुपयाचं आहे. १९११ साली पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया आला. राजाच्या झग्यावर एक हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमान समाजातून नाराजी उठली आणि नाणी परत घेण्यात आली. सुमारे चौऱ्याण्णव लाख पडली होती, त्यातली सातेक लाखच बाहेर गेली होती. बाकीची वितळवली आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला ठसठशीत सोंड आली.

हे सगळं यंत्राच्या नाण्यांचं. पण पनवेलमध्ये बसून नाण्यांबद्दल लिहायचं आणि शिवराईला हात लावायचा नाही, हे शक्य नाही. आमचा जिल्हाच रायगड.

६ जून १६७४ ला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही महाराजांची नाणी झाली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं कडं. हे नाणं महाराजांबरोबर संपलं नाही. त्याच अक्षरांची शिवराई सातारकर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पडत राहिली, पुढे अक्षरांखाली दोन रेघा आलेली दुदांडी शिवराई निघाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खेड्यापाड्यांच्या बाजारांत ती चालत होती. बहुतेक शिवरायांवर साल नाही, टाकसाळीचं नाव नाही. आहे ते फक्त अक्षर.

आणि हे अक्षर वाचायला बसला एक अमेरिकी मिशनरी. रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांचं नाव मराठी वाचकांना संतवाङ्मयामुळे ठाऊक असतं. महिपती, तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई यांना त्यांनी इंग्रजीत नेलं. त्याच माणसाने शिवराया जमवल्या. चार-दोनशे नव्हेत, पंचवीस हजारांवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्या चलनातून हद्दपार होत असताना, त्यांनी त्या तपासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. त्यांनी मोजलं काय, तर शुद्धलेखन. कुठे ‘शिव’, कुठे ‘शीव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. ‘पति’ ऱ्हस्व, ‘पती’ दीर्घ. ज्याला आपण निरक्षर कारागिराची चूक म्हणून सोडून देऊ, तिला त्यांनी पुरावा मानलं. शिवराईला हब नव्हता. प्रत्येक ठसा कुणीतरी छिन्नीने हातानेच कोरलेला, आणि म्हणून प्रत्येक ठसा म्हणजे एका माणसाचं हस्ताक्षर. पंचवीस हजार नाणी डोळ्यांखालून घालणारा तो माणूस मला फिलाडेल्फियाच्या त्या सगळ्या सेंटवेड्यांचा वडीलभाऊ वाटतो.

त्याच सुमाराला, १८९९ मध्ये, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या चलनावर आणि टाकसाळींवर निबंध वाचला. पेशवे दफ्तरातल्या कागदांवरून त्यांनी दाखवलं की तांब्याचा पैसा पाडण्याची परवानगी सरकार खाजगी माणसांना ठरावीक मुदतीसाठी देत असे. त्यात दोन नावं आमच्या कुलाबा जिल्ह्याची, म्हणजे आजच्या रायगडची आहेत, रेवदंड्याचे दातार आणि नागोठण्याचे बाळाजी बापूजी. पैसा दहा मासे वजनाचा असावा अशी अट होती. नागोठणं पनवेलहून पेण, वडखळ ओलांडलं की येतं. काका त्याच रस्त्यावर तिकिटं फाडत होते.

हा पैसा पुढे गेला कुठे? बराचसा वितळला. तांब्याला भांड्याची किंमत होती आणि सरकारी पैसा आल्यावर शिवराईला चलन म्हणून किंमत उरली नाही. हंडे, घागरी, पंचपात्र्या यांत किती ‘श्री राजा शिव’ विरघळले असतील याचा विचार केला की मला खरोखर वाईट वाटतं. जे उरलं ते गाठोड्यात, देव्हाऱ्यात, लहान मुलांच्या करदोट्यात. आणि त्याचा शेवटचा शत्रू म्हणजे चिंच. दिवाळीच्या साफसफाईत शिवराई चिंचेने घासून लखलखीत करणारी घरं मी पाहिली आहेत. तांब्यावर दोन-तीनशे वर्षांत चढलेला हिरवा-काळा थर जातो, त्याबरोबर अक्षरांची कड जाते. काकांनी हे ऐकलं की ते डोळे मिटून घेतात.

माझ्या आजीच्या डब्यात शिवराया होत्या. बोर्नव्हिटाचा जुना पत्र्याचा डबा, तळाशी फडकं, त्यात अकरा शिवराया, काही ढब्बू पैसे आणि तीस जून २०११ नंतर निरुपयोगी झालेले चार आणे. शिवराया तिला तिच्या सासूने दिल्या होत्या आणि सासूला गाढी नदीकाठच्या शेतमालकिणीने भाताच्या बदल्यात, एवढीच त्यांची वंशावळ. आजीने त्या कधी घासल्या नाहीत. त्यांना पाणी लागलं तर लक्ष्मी रुसते, अशी तिची समजूत होती आणि त्या समजुतीने जे राखलं ते आम्हा शिकलेल्यांकडून राखलं गेलं नसतं.

मी तो डबा काकांकडे नेला. त्यांनी अकराही नाणी कापडावर एका रांगेत मांडली, सगळ्यांचं ‘श्री’ वर येईल अशी फिरवून. मग आरामात, एकेक. शिवराईची चकती ठशापेक्षा लहान असते, म्हणून पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचित येतो. एकावर ‘राजा’ पूर्ण पण ‘श्री’ कापलेली, दुसऱ्यावर ‘शिव’चा ‘व’ कडेबाहेर गेलेला. ते कडेबाहेर गेलेलं अक्षर काका बोटाने कापडावर पुरं करत होते. एका नाण्यावर ‘जा’ दोनदा होता. मी उत्साहाने भिंग पुढे केलं. काकांनी मान हलवली. ऐरणीवरच्या ठशावर चकती ठेवून वरच्या ठशावर हातोडा मारताना घाव उसळला आणि दुसरा घाव बाजूला बसला, एवढंच ते. ठसा एकेरीच होता. हबच नाही तिथे डबल डाय कुठून येणार?

तिसऱ्या नाण्यावर ते थांबले. ‘राजा’मधल्या ‘रा’च्या कान्यापासून कडेच्या ठिपक्यांपर्यंत एक बारीक उंचवटा गेलेला होता, शिरेसारखा. ठशाला तडा गेला की धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावर रेघ उठते. काकांनी वहीच्या कोऱ्या पानावर नाणं रेखाटलं, रेघ काढली, कडेचे ठिपके मोजले. मग चौथं, पाचवं, सहावं. ऊन सरकत टेबलाच्या कोपऱ्यात गेलं, तसं त्यांनी कापडही त्याच्यामागे सरकवलं.

नवव्या नाण्यावर ‘श्री’ नव्हतीच, चकती तेवढी खाली सरकली होती. पण ‘रा’ होता, काना होता आणि कान्यापासून निघालेली ती शीर होती, थोडी अधिक जाड, थोडी अधिक लांब. काकांनी तिसरं नाणं त्याच्याशेजारी ठेवलं. दोघांचे ठिपके मोजले, ‘ज’चा वाकडा दांडा मोजला, पुन्हा मोजले. एका माणसाने कोरलेला तो एक ठसा, त्याला तडा गेल्यावरही तो किंवा त्याचा जोडीदार घाव घालत राहिला. तिसरं नाणं आधीचं, नववं नंतरचं.

त्यांनी वही ओढली, तारीख घातली आणि मला विचारलं, "आजींचं नाव काय लिहू?"